फिलिप्पैतील मध्यरात्र: देवाच्या इच्छेतला आनंद नेमका कुठे होता? एक प्रकरण अभ्यास

“देवाच्या इच्छेप्रमाणे चालायचा मनापासून प्रयत्न करतोय, मग आनंद का वाटत नाही?” शास्त्राभ्यासाच्या गटात हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन, सांगता येणार नाही. विचारणारे बहुधा प्रामाणिक असतात. प्रार्थना करून त्यांनी निर्णय घेतलेला असतो, त्यासाठी काहीतरी सोडलेलेही असते. आणि मग आत कोरडेपणा जाणवला, की आपलेच काही चुकले असावे, कदाचित ही देवाची इच्छा नव्हतीच, असे त्यांना वाटू लागते.

अशा वेळी उत्तर देण्याऐवजी मी त्यांच्यासोबत एक प्रकरण वाचायला बसतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. आणि त्याच्या जोडीला फिलिप्पैकरांस पत्र, जे त्या अध्यायातल्या फिलिप्पै गावच्या मंडळीला प्रेषित पौलाने पुढे कैदेतून लिहिले. एकात घटना आहे. दुसऱ्यात त्या घटनेतून गेलेला माणूस वर्षांनंतर कसा बोलतो ते ऐकू येते. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही.

आधी बंद झालेल्या वाटा

साल इसवी सन ४९ किंवा ५० च्या आसपासचे. पौल दुसऱ्या सुवार्ता-फेरीवर निघाला आहे. या फेरीची सुरुवातच कडवट झाली होती. मार्काला सोबत न्यायचे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तीव्र वाद झाला, की ज्या सोबत्याबरोबर पहिली फेरी केली त्याच्यापासून पौल वेगळा झाला आणि सीलाला घेऊन निघाला. वाटेत लुस्त्र येथे तीमथ्य त्यांना येऊन मिळाला.

पुढे त्यांचा रोख पश्चिमेला आशियाकडे होता. हा आशिया म्हणजे रोमी साम्राज्याचा एक प्रांत, आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. इफिससारखे मोठे शहर तिथे होते. सुवार्तिकाला यापेक्षा चांगली जागा कोणती? पण पवित्र आत्म्याने तिथे वचन सांगण्यास मनाई केली. मग ते उत्तरेला बिथुनियाकडे जाऊ लागले. तिथेही येशूच्या आत्म्याने जाऊ दिले नाही. ही मनाई कशी कळली हे प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक सांगत नाही. ‘का’ हे तर पौलालाही सांगितलेले दिसत नाही. शेकडो किलोमीटर पायी चालून ही माणसे शेवटी त्रोवसला, समुद्राच्या काठावर येऊन थांबली. पुढे पाणी, आणि मागे दोन नकार.

इथे मी गटाला नेहमी थांबवतो. त्रोवसच्या त्या संध्याकाळी पौलाला कोणी विचारले असते, “तू देवाच्या इच्छेत आहेस का?”, तर त्याने काय सांगितले असते? त्याच्या हातात दाखवण्यासारखे काहीच नव्हते. तरी तो देवाच्या इच्छेबाहेर नव्हता. दोन ‘नाही’ ऐकून थांबणे हीसुद्धा आज्ञाधारकताच होती, फक्त आज्ञाधारकतेचे हे रूप कुणी साक्षीत सांगत नाही.

रात्री दृष्टांत झाला. समुद्रापलीकडच्या मासेदोनियाचा (आजचा उत्तर ग्रीस) एक मनुष्य उभा राहून विनंती करतो आहे: इकडे पार येऊन आम्हांला साहाय्य कर. याच्या पुढच्याच वाक्यात दोन बारीक गोष्टी घडतात. पहिली, कथा सांगणारा अचानक ‘आम्ही’ म्हणू लागतो. लूक इथे प्रवासात सामील झाला असावा. दुसरी अशी: देवाने आपल्याला बोलावले आहे असे ‘आम्ही’ अनुमान केले, असे तो लिहितो. त्यासाठी वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दात तुकडे एकत्र जुळवण्याचा अर्थ आहे. दृष्टांत एकाला झाला होता, पण त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून लावला. आधीचे दोन नकार आणि आताची हाक त्यांनी शेजारी ठेवली असणार. देवाची इच्छा ओळखताना एकट्याने खोली बंद करून बसणाऱ्या आपल्या पिढीने हे वाक्य सावकाश वाचावे असे मला फार वाटते.

पुरुषाची हाक, नदीकाठच्या स्त्रिया

त्रोवसहून जहाज सरळ समथ्राकेला आणि दुसऱ्या दिवशी नियापुलीला लागले. तिथून फिलिप्पै. मासेदोनियाचा राजा दुसरा फिलिप याच्या नावाचे हे गाव. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये याच गावाजवळ ज्युलियस सीझरचे मारेकरी ब्रुटस आणि कॅसियस यांचा पराभव झाला, आणि त्यानंतर इथे निवृत्त रोमी सैनिकांना वसवून गावाला रोमी वसाहतीचा दर्जा मिळाला. गावाला आपल्या रोमीपणाचा अभिमान होता. ज्यूंचे सभास्थान मात्र तिथे दिसत नाही. म्हणून शब्बाथ दिवशी ही मंडळी वेशीबाहेर नदीकाठी प्रार्थनेची जागा शोधत गेली, आणि तिथे जमलेल्या स्त्रियांशी बसून बोलू लागली.

दृष्टांतात पुरुष होता. समोर स्त्रिया होत्या. पौल तो पुरुष शोधत पुढे गेला नाही. जे समोर होते त्यांच्याशी तो बोलला.

त्यांच्यातली एक लुदिया. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, देवाची भक्ती करणारी. प्रभूने तिचे अंतःकरण उघडले, तिचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला, आणि तिने आग्रह करकरून सगळ्यांना आपल्या घरी राहायला नेले. ती मूळची थुवतीराची. रंगाऱ्यांच्या व्यवसायासाठी ओळखले जाणारे हे थुवतीरा कुठे आहे? आशिया प्रांतात. ज्या प्रांतात बोलायला मनाई झाली होती, त्याच प्रांतातली बाई समुद्रापलीकडे नदीकाठी बसून पौलाची पहिली श्रोती झाली.

मनाई झालेल्या त्या दोन वाटांचे पुढे काय झाले हेही इथेच सांगतो. आशियाची वाट पौलासाठी काही वर्षांनी उघडली. इफिसात तो दोन वर्षांहून अधिक राहिला. बिथुनियात तो गेल्याची नोंद नाही. पण पेत्राचे पहिले पत्र बिथुनियातल्या विश्वासणाऱ्यांनाही उद्देशून आहे, आणि इसवी सन ११२ च्या सुमारास तिथला रोमी अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो, की हा पंथ शहरांतच नव्हे तर खेड्यापाड्यांतही पसरला आहे. म्हणजे बिथुनियाला नकार नव्हता. तिथे पौलाला नकार होता. आपल्यासाठी बंद झालेली वाट देवाने दुसऱ्या कुणासाठी उघडी ठेवली असेल, हे मान्य करायला मला स्वतःला बरीच वर्षे लागली.

फटके, खोडा आणि गाणे

फिलिप्पैत एक दासी होती. तिच्या अंगात येणाऱ्या आत्म्यामुळे ती भविष्य सांगे आणि तिचे मालक त्यावर पैसा कमावत. ती पुष्कळ दिवस पौलाच्या मागे ओरडत फिरली. शेवटी पौल त्रासला आणि त्याने येशूच्या नावाने त्या आत्म्याला बाहेर घालवले. मालकांची मिळकत बुडाली. पौल आणि सीला यांना ओढत चौकात अधिकाऱ्यांपुढे नेण्यात आले. आरोपात बुडालेल्या पैशाचा उल्लेखही नाही: हे ज्यू आहेत, शहरात गोंधळ माजवतात, आम्हा रोमी लोकांना न चालणाऱ्या चालीरीती शिकवतात. जमाव खवळला. अंगावरची वस्त्रे फाडून दोघांना छड्यांनी मारले गेले, आणि आतल्या कोठडीत टाकून त्यांचे पाय खोड्यात अडकवले.

त्या दासीचे पुढे काय झाले हे लूक लिहीत नाही. दर वाचनात मी तिच्यापाशी अडखळतो.

आता मध्यरात्र. पौल आणि सीला प्रार्थना करत आहेत, स्तुतीची गीते गात आहेत, आणि बाकीचे कैदी ऐकत आहेत. मग भूकंप होतो, दारे उघडतात, सगळ्यांची बंधने सुटतात.

हा क्रम पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. गाणे आधी, भूकंप नंतर. सुटका होणार हे त्यांना माहीत नव्हते. पाठीवरच्या जखमा धुतलेल्या नव्हत्या. त्या भूकंपानंतर धुतल्या गेल्या. ज्या दृष्टांतावर विसंबून समुद्र ओलांडला त्याचा शेवट खोड्यात झाला, असे वाटायला त्या रात्री भरपूर जागा होती. “आपण चुकीचे ऐकले का?” हा प्रश्न सीलाने विचारला असता तर त्याला कोणीही दोष दिला नसता.

आणखी एक गोष्ट, जी अनेक वाचनांतून निसटते. मीही ती बराच काळ पाहिली नव्हती. ते आनंदित होते असे लूक म्हणत नाही. ते प्रार्थना करत होते आणि गात होते, एवढेच तो म्हणतो. या संपूर्ण अध्यायात आनंद झाल्याचा उल्लेख फक्त एकदा येतो, आणि तो पौलाविषयी नाही.

तो बंदिशाळेच्या नायकाविषयी आहे. दारे उघडी पाहून तो तलवार उपसून जीव द्यायला निघाला, कारण कैदी पळाले तर पहारेकऱ्याला जिवाने किंमत मोजावी लागे. अंधारातून पौल मोठ्याने ओरडला: स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. त्याच रात्री त्या माणसाने त्यांच्या जखमा धुतल्या, घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतला, दोघांना घरी नेऊन पुढ्यात अन्न वाढले. आणि देवावर विश्वास ठेवल्यामुळे तो सहकुटुंब आनंदित झाला. तो शब्द इथे येतो. देवाच्या इच्छेप्रमाणे चालणाऱ्याच्या खात्यात नव्हे, तर ज्याच्यापर्यंत ती इच्छा त्याला घेऊन गेली त्याच्या घरात.

एक खुलासा, कारण इथे गैरसमज फार होतो

या प्रकरणाचा दाखला देऊन कुणीतरी मार खाणाऱ्या स्त्रीला किंवा छळ सोसणाऱ्या माणसाला “गात राहा, हीच देवाची इच्छा” असे सांगताना मी ऐकले आहे. ते शास्त्राला धरून नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचा निरोप धाडला, तेव्हा पौलाने नकार दिला. आम्ही रोमी नागरिक असताना, दोषी ठरवल्याशिवाय, चारचौघांत आम्हांला मारले. आता त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे. नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणे रोमी कायद्याच्या विरुद्ध होते. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या करू लागले. आदल्या रात्री गाणारा माणूस सकाळी आपला हक्क मागतो, आणि या दोन गोष्टी त्याच्यात एकमेकींशी भांडत नाहीत. त्या कोवळ्या मंडळीला गावात मान वर करून राहायचे होते. पौल चोरासारखा निघून गेला असता तर बोट तिच्याकडे दाखवले गेले असते. निघण्यापूर्वी तो लुदियाच्या घरी जाऊन बंधुजनांना धीर देऊन आला.

पाठीवरचे वळ ताजे असताना

फिलिप्पैहून ते थेस्सलनीकाला गेले. तिथल्या मंडळीला पौलाने थोड्याच काळाने, इसवी सन ५० किंवा ५१ च्या सुमारास, पत्र लिहिले. फिलिप्पैत आमचा अपमान आणि छळ झाला होता, हे तुम्हांला ठाऊकच आहे, असे त्यात तो उघड म्हणतो. झालेले त्याने लपवले नाही, गोडही केले नाही. आणि त्याच पत्राच्या शेवटी तो सांगतो: सर्वदा आनंदित असा, निरंतर प्रार्थना करा, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, तुमच्याविषयी ख्रिस्त येशूमध्ये देवाची इच्छा हीच आहे.

“माझ्याबद्दल देवाची इच्छा काय?” या प्रश्नाला नव्या करारात इतके थेट उत्तर फार थोड्या ठिकाणी आहे. आणि ते उत्तर नोकरी, लग्न किंवा गाव यांविषयी नाही. त्रोवसच्या काठावर कोणत्या जहाजात चढायचे हे कळायला पौलाला दृष्टांत लागला. प्रार्थना करायला, नदीकाठच्या बायकांशी बोलायला, जीव द्यायला निघालेल्या माणसाला हाक मारायला दृष्टांत लागला नाही. देवाची इच्छा बव्हंशी अशी आधीच सांगितलेली असते, आणि आपण न सांगितलेल्या भागासाठी अडून राहतो.

दुसऱ्या कैदेतले पत्र

आता दुसरा कागद. फिलिप्पैकरांस पत्र पौलाने रोममध्ये कैदेत असताना, इसवी सन ६० ते ६२ च्या दरम्यान लिहिले असे परंपरा मानते; काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया सुचवतात. पत्रात चार अध्याय, १०४ वचने. तेवढ्यात ‘आनंद’ आणि ‘आनंद करणे’ या अर्थाचे ग्रीक शब्द सोळा वेळा येतात. म्हणूनच याला आनंदाचे पत्र म्हणतात.

पण हे पत्र खुशीत असलेल्या माणसाचे नाही. एपफ्रदीत नावाचा बंधू फिलिप्पैकरांनी दिलेली देणगी घेऊन पौलाकडे आला आणि आजारी पडून मरणाच्या दारी पोचला. तो वाचला नसता तर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल लिहितो. काही लोक केवळ पौलावरच्या जळफळाटाने सुवार्ता सांगत होते. ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या वैऱ्यांविषयी लिहिताना तो रडतो. मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघी एकत्र झटलेल्या स्त्रियांचे पटत नव्हते. खटल्याचा निकाल जगण्याचा लागेल की मरणाचा, हेही ठरलेले नव्हते. यातले काहीही आनंदाच्या वाटेतला अडथळा म्हणून बाजूला सारलेले नाही. सगळे त्याच पत्रात आहे.

मग तो आनंद कशाचा आहे? आम्ही गटात एकदा प्रत्येक उल्लेखाखाली रेघ मारून पाहिले. ‘प्रभूमध्ये आनंद करा’ हे काही ठिकाणी आहे, आणि तो सगळ्याचा पाया आहे. उरलेले जवळजवळ सगळे कुणा ना कुणा माणसाशी बांधलेले निघाले. तुमच्यासाठी प्रार्थना करताना आनंद होतो. तुम्ही एकचित्त होऊन माझा आनंद पूर्ण करा. एपफ्रदीताला पुन्हा भेटून तुम्ही आनंद करावा म्हणून त्याला धाडतो. तुम्हांला माझी पुन्हा काळजी वाटू लागली याचा आनंद झाला. तुम्हीच माझा आनंद आणि मुकुट. मत्सराने का होईना, ख्रिस्ताची घोषणा होते आहे ना, मग मला आनंदच आहे. आपल्या मनाची अवस्था तपासून ‘मी आनंदी आहे का?’ असे पौल कुठेच पाहत नाही.

निर्णय घेण्याची त्याची रीतही पाहा. जगावे की ख्रिस्ताजवळ जावे, या दोहोंमध्ये मी पेचात आहे, असे तो लिहितो. इथे दृष्टांत नाही. रात्री कोणी उभे राहून हाक मारत नाही. तो फक्त कुणाला कशाची गरज आहे ते पाहतो: मी देहात राहणे तुमच्यासाठी अधिक गरजेचे आहे, तेव्हा तुमची प्रगती व्हावी आणि विश्वासात तुम्हांला आनंद मिळावा म्हणून मी राहीन. त्रोवसला ज्याला देवाची इच्छा कळायला स्वप्नासारखे दृश्य लागले, त्याला आता इतरांच्या आनंदावरून ती वाचता येते. माझ्या मते ही त्या मधल्या वर्षांतली वाढ आहे. ‘मी शिकलो आहे’ असे तो समाधानाविषयी म्हणतोच. उपजत होते असे म्हणत नाही.

आणि दुसऱ्या अध्यायातले ते एक वचन: इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्या ठायी आपल्या सत्संकल्पासाठी साधून देणारा तो देव आहे. ‘सत्संकल्प’ म्हणून जो मूळ शब्द आहे, त्यात संतोषाचा, आवडीने ठरवल्याचा भाव आहे. देवाची इच्छा म्हणजे वरून आलेला रूक्ष हुकूम, आणि आनंद म्हणजे तो पाळल्यावर मिळणारे बक्षीस, अशी फाळणी या वाक्यात टिकत नाही. त्याची इच्छा हाच त्याचा आनंद आहे, आणि ती इच्छा तो आपल्या आत रुजवतो आहे.

म्हणून कोरडेपणाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी दोन गोष्टी विचारतो. ज्या पावलाने तू थकलास, त्या पावलाने तुला कुणापर्यंत पोचवले? आणि त्या माणसाच्या घरात सध्या काय चालले आहे, हे तू शेवटचे कधी पाहिलेस? काही जण गप्प होतात. एक भगिनी, वर्षानुवर्षे आजारी सासूची सेवा करणारी, बराच वेळ विचार करून म्हणाली, “आई हल्ली रात्री माझ्याबरोबर प्रार्थना म्हणतात. आधी तोंड फिरवायच्या.” त्यानंतर ती रडली. ते रडणे दुःखाचे नव्हते, एवढे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळले.

पत्र एपफ्रदीताबरोबर फिलिप्पैला गेले. ते मंडळीत वाचले गेले तेव्हा लुदिया तिथे होती का, तो बंदिशाळेचा नायक आणि त्याची आता मोठी झालेली मुले होती का, कल्पनाच करायची. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ ही ओळ कुणाच्या तोंडून आली आहे, हे मात्र त्या गावाला समजावून सांगावे लागले नसेल. त्या पाठीवरच्या जखमा त्यांच्यातल्याच एकाने धुतल्या होत्या.

या वेळी भूकंप झालेला नव्हता. पत्र संपते तेव्हाही बेड्या आहेत तिथेच आहेत. पण शेवटच्या सलामांमध्ये एक ओळ आहे, आणि तिच्यातला कैसर म्हणजे रोमी सम्राट: सर्व पवित्र जन, विशेषतः कैसराच्या घरचे, तुम्हांला सलाम सांगतात.